खंदकाच्या अलीकडे

तुरीचं धसकट पायात घुसलं की दुखणं दोन खेपांत येतं. आधी सणक. ती इतकी चपळ, की पाय उचलला गेल्याचं आपल्याला पाय उचलून झाल्यावर कळतं. मग मधे एक रिकामा क्षण. त्या क्षणात माणूस खाली वाकतो, रक्त आलंय का बघतो, धसकटाला आणि रान नीट न वेचणाऱ्या गड्याला शिवी घालतो. तेवढ्यात ठणका येऊन पोचतो. सणक निघून गेलेली असते. ठणका मात्र मुक्कामाच्या तयारीनंच आलेला असतो.

शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना हाच दाखला देतो, कारण मराठवाड्यातल्या आमच्या कंधार भागातल्या पोराला धसकट समजावून सांगावं लागत नाही. सणक आणणाऱ्या चेतातंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टण असतं आणि ते सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगानं खबर नेतात. ठणका आणणारे तंतू उघडे असतात, फार बारीक असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतकाच. तळपायापासून कंबरेपर्यंतचं अंतर मीटरभर धरलं, तर ठणक्याला सेकंदभर लागतो. वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, मग हत्तीला उशिरा दुखतं का?" दुखतं की. वाटच लांब, तर खबर उशिराच जाणार.

अफूपासून काढलेली औषधं या दोन खेपांपैकी दुसरीवर जास्त चालतात. टाचणी टोचल्याचं मॉर्फीन घेतलेल्या माणसालाही कळतं. तुम्ही त्याच्या हाताला हात लावला तर तेही कळतं. बंद होतो तो ठणका. गुंगीत माणसाला काहीच कळत नाही म्हणून दुखणं थांबतं, असं पुष्कळांना वाटतं, आमच्या घरातही वाटत होतं. प्रत्यक्षात गोष्ट फार नेमकी आहे आणि मेंदूच्या कितीतरी अलीकडे सुरू होते.

ठणका नेणारी चेतापेशी हा एक अजब प्राणी आहे. तिचं पोट, म्हणजे केंद्रक वगैरे असलेला भाग, पाठीच्या कण्याला लागून असलेल्या एका छोट्या गाठीत बसलेलं असतं. त्या गाठीला गुच्छिका म्हणतात. तिथून एक धागा बाहेर निघतो तो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, दुसरा आत शिरतो तो मेरुरज्जूत. अंगठ्यापासून कंबरेपर्यंत एकच पेशी! उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करताना लाल मिरची कांडणाऱ्या बायकांचे हात रात्रभर जळतात, त्याला हीच पेशी कारण. मिरचीतलं कॅप्सेसिन तिच्या टोकावरच्या एका प्रथिनाला चिकटतं, आणि तेच प्रथिन 43 अंशांच्या वरच्या तापमानालाही जागं होतं. त्यामुळे मिरची लागली काय आणि चटका बसला काय, वर जाणारी खबर एकच असते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 साली शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. नोबेलच्या बातमीत मिरची वाचून आमच्या स्टाफरूममध्ये फार हशा झाला होता. हात जळणाऱ्या बायका त्यात नव्हत्या.

अफू जिथं चालते ती जागा या पेशीच्या दुसऱ्या टोकाला आहे, मेरुरज्जूच्या आत. ती समजायला कंधारच्या माणसाला लांब जावं लागत नाही. आमचा किल्ला भुईकोट. राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला तो मानतात; पुढे बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही असे धनी बदलत गेले. डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळी भिस्त खंदकावर. पावसाळ्यात तो भरला की तटाच्या कडेला उभं राहून बघावं. पलीकडून कितीही जोरात धावत आलेला हरकाऱ्या इथं थांबणार. त्याची धाव खंदकाच्या काठापर्यंतची. पुढं पाणी, आणि पाण्यावरून जायला नाव हवी.

चेतापेशीची खबर विजेची असते. मीटरभर अंतर ती विजेनं कापते, पण मेरुरज्जूत पुढच्या पेशीला भिडण्याआधी मधे एक फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दुपटीइतकी. वीज ती फट ओलांडत नाही. अलीकडच्या काठावर बारीक पिशव्या तयार असतात, त्यांत ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायनं भरलेली. खबर आली की काठावरची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, पिशव्या फुटतात आणि रसायनं पलीकडे जातात. ह्याच नावा. मॉर्फीनचा रेणू अलीकडच्या काठावरच्या एका ग्राहीवर जाऊन बसतो. म्यू हे त्या ग्राहीचं नाव, ग्रीक अक्षरावरून. तो बसला की आतून हुकूम सुटतो आणि कॅल्शियमची दारं किलकिलीच राहतात. हरकाऱ्या काठावर पोचलेला असतो, पण नावा सुटत नाहीत. निम्म्याशिम्म्या सुटल्या तरी पलीकडच्या काठावरही मॉर्फीनचा बंदोबस्त असतो. तिथं ते पोटॅशियमची दारं उघडून देतं. पोटॅशियम बाहेर पडतं, पलीकडची पेशी अधिक ऋणभारित होते आणि तिला जागं करायला एरवीपेक्षा जास्त नावा लागू लागतात. अलीकडे नावा कमी, पलीकडे झोप जड.

जखम तशीच असते. गाठ तशीच वाढत असते. तंतूतून वीजही धावत असते. थांबतं ते फक्त खंदक ओलांडणं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. बघितलं ते नानांच्या बाजेशी बसून. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. हाडाचं दुखणं काय असतं ते मी लिहून सांगू शकणार नाही. एवढंच सांगतो, की आयुष्यभर भरलेलं पोतं एका हिसक्यात पाठीवर घेणारा माणूस अंगावरची वाकळ सुद्धा सरकवू देईना. कुणी बाजेजवळून जोरात चाललं, की ते डोळे मिटून बाजेच्या गाताला धरायचे. सुंभ विणलेल्या त्या बाजेचं गात एका जागी त्यांच्या मुठीनं गुळगुळीत झालं होतं. रात्री सगळ्यांना झोप लागली असं वाटलं की हळूच म्हणायचे, "माय, माय गं." ऐंशीला टेकलेला माणूस, आणि त्याची माय जाऊन जमाना झालेला.

सलाईन झालं, सुया झाल्या. आपल्याकडं सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असं वाटतच नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधं चांगलीच आहेत, पण त्यांचं काम जखमेपाशी, सूज आणणाऱ्या रसायनांवर. नानांच्या मणक्यांत आणि खुब्यात जे चाललं होतं त्याला ती पुरी पडेनात. शेवटी एका डॉक्टरबाईंनी मॉर्फीनची दहा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दोन, म्हणजे मधे उठवावं लागत नाही. तिथल्या सिस्टरनं माझ्या चुलतभावाला बजावलं, "घड्याळ बघून द्यायची. दुखायलंय का ते बघून नाही द्यायची." कारण दुखणं उसळल्यावर गोळी दिली तर ती दुखण्याच्या मागं धावत राहते. मला ते वाक्य फार आवडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वेदनाशमनावरच्या 1986 च्या मार्गदर्शिकेतलं मुख्य तत्त्वच सिस्टरनं एका दमात सांगून टाकलं होतं.

कागद घेऊन आम्ही गोळी शोधायला निघालो आणि शोधतच राहिलो. औषध दुकानदार कागद वाचायचा, वर आमच्या तोंडाकडं बघायचा आणि कागद दोन बोटांनी परत सरकवायचा. "ते आम्ही ठेवत नाही." एकानं तर हळूच विचारलं, "पेशंट खरंच हाय का?" गावापासून नांदेड पन्नासेक किलोमीटर. एसटीनं लोह्यावरून जाताना चुलतभाऊ खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मधेच म्हणायचा, "अफू देताव का आपण बापाला?" त्याला दुसरी भीती होती: सवय लागली तर? मरणाच्या दारात असलेल्या माणसाला सवय लागून लागून काय लागणार, असं मी त्याला म्हणालो नाही. ते उत्तर निष्ठुर होतं आणि अपुरंही. खरं उत्तर असं, की शरीर औषधाला सरावतं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं आणि डोस वाढवावा लागू शकतो. पण दुखण्यासाठी मोजून-मापून घेणारा आणि नशेसाठी तळमळणारा या दोघांची गणना एकात करता येत नाही.

गोळी मिळाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नानांनी दुधात कुस्करलेली भाकर मागितली. नात त्यांच्या तळपायाला खोबरेल चोळत होती. म्हणाले, "नखं काढ गं बाई, टोचायलीत." नखं टोचत होती, म्हणजे स्पर्श शाबूत होता! स्पर्श नेणारे जाड, वेगळे तंतू आहेत आणि त्यांच्या टोकावर म्यू ग्राही फारसे नसतात. मी विचारलं, "नाना, दुखणं गेलं का?" त्यांनी थोडा विचार केला. "दुखणं हाय तिथंच हाय बाबा. पण आता ते मला हाका मारंना."

मॉर्फीन मेंदूतही चालतं आणि तिथं ते दुखण्याची जाणीव कमी करतं त्याहून जास्त त्याचा जाच कमी करतं, असं पाठ्यपुस्तकं म्हणतात. नानांचं वाक्य मला अधिक पटतं.

तर प्रश्न असा, की आपल्या चेतापेशीवर अफूसाठी जागा कुणी करून ठेवली? अफूच्या बोंडाचा आणि माणसाच्या पाठीचा काय संबंध? जर्मनीत फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुण औषधनिर्मात्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फीन वेगळं केलं, तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं डॉक्टर ते देत होते. ते कुठं जाऊन बसतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. 1973 मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूच्या पेशींवर ती जागा दाखवली. त्याच वर्षी एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही. मग सरळ तर्क: जागा आहे तर तिथं बसणारं शरीराचंच काही असणार. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणून ते शोधत बसले आणि 1975 मध्ये त्यांना एन्केफॅलिन सापडलं. पाच अमिनो आम्लांची एवढीशी साखळी. पाठोपाठ एंडॉर्फिनं आली. म्हणजे ही जागा अफूची नव्हतीच. ती घरच्या माणसासाठी होती. अफूचं बोंड नुसतं योगायोगानं तिथं बसण्याजोगं निघालं.

घरचं औषध कधी सुटतं? आषाढात पोतराज गल्लीत येतो. कमरेला चिंध्यांचा घेर, पायात घुंगरं, आणि तो आसूड फिरवून स्वतःच्या अंगावर ओढतो. आवाज असा, की लहानपणी आम्ही आईच्या पदराआड जायचो. आसूड ओढण्यातही कसब असतं, त्याचा आवाज त्याच्या घावापेक्षा मोठा असतो, हे खरं. पण दंडावरचे वळ मी जवळून पाहिलेत, ते खोटे नव्हते. तीव्र ताणात, भयात, आवेशात शरीर आपली एंडॉर्फिनं मोकळी करतं आणि मेंदूच्या बुडातून खाली मेरुरज्जूकडे हुकूम जातात. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरनं पाहिलं होतं, की गंभीर जखमी झालेले कितीतरी सैनिक मॉर्फीन मागतच नाहीत. पोतराजाच्या अंगात नेमकं काय चालतं ते कुणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही आणि मोजायला जाऊ नये असंच मला वाटतं. पोटासाठी अंगावर आसूड ओढणाऱ्या माणसाकडं रसायनं बघत बसणं बरं दिसत नाही.

विंचू उतरवणारे मात्र मी जास्त पाहिलेत. मंत्र म्हणत, फुंकर घालत, हात वरून खाली उतरवत आणतात, आणि दंडापर्यंत चढलेली कळ खरोखरच मनगटापाशी येते. आमचे मुख्याध्यापक याला थोतांड म्हणत. थोतांड आहेच, पण कळ उतरते हे थोतांड नाही. 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या माणसांवर प्रयोग केला. औषध नसलेलं औषध देऊनही काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे द्रव्य म्यू ग्राहीवर जाऊन नुसती जागा अडवतं, दुसरं काही करत नाही. ते दिल्यावर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे विश्वासानंही घरचीच अफू सुटते. पण लाल विंचवाच्या विषात जीव जातो तो हृदयावरच्या माऱ्यानं आणि फुप्फुसात पाणी भरल्यानं. त्याला मंत्राची एंडॉर्फिनं काय करणार? मूळचे आपल्या मराठवाड्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून 1980 च्या दशकात त्यासाठी प्राझोसिनची गोळी लागू करून दाखवली. कळ उतरली म्हणून पेशंटला घरी ठेवणं हेच मंत्राचं खरं पाप.

आणखी एक गोष्ट मला नानांच्या आजारपणात कळली. चेतापेशी हे ग्राही कण्याशेजारच्या गाठीत तयार करते आणि दोन्हीकडे धाडते. काही आत, खंदकाच्या काठावर. काही बाहेर, थेट कातडीकडे, सांध्याकडे, जखमेकडे. एरवी बाहेरच्या टोकावरचे ग्राही निपचित असतात. तिथं सूज आली की ते जागे होतात, शिवाय गाठीतून नवे येऊन पोचतात. सुजेशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींतही एंडॉर्फिन असतं, ते तिथंच सुटतं. 1991 मध्ये क्रिस्टोफ स्टाइन आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यातच अगदी थोडं मॉर्फीन टोचून दुखणं कमी होतं हे दाखवलं. जखम जिथं आहे तिथंच दाद घेणारी व्यवस्था शरीरानं केलेली आहे. तालुक्याला दाद लागत नाही म्हणून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला हेलपाटे घालणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचा हेवा वाटला तर नवल नाही.

पण खुद्द चेतातंतूच तुटला, चेंगरला किंवा साखरेनं खाल्ला, तर ही गाठ ग्राही कमी बनवू लागते. तिथं मॉर्फीन तितकं लागू पडत नाही, दुसरी औषधं शोधावी लागतात. मधुमेहाच्या पेशंटचे जळते तळवे घेऊन बसलेल्या माझ्या मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मला अफूबी लागू नाही. काय नशीब!"

आता ती अफू कुठली? कंधारच्या बायकांना तिचं बी ठाऊक आहे. दिवाळीच्या अनारशावर लावतात ती खसखस त्याच झाडाची. बियात गुंगी नसते, ती हिरव्या बोंडाच्या चिकात. नीमच, मंदसौर, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्यानं अफू पिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडाला उभ्या चिरा देतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात आणि तो सगळा सरकारला मोजून द्यावा लागतो. नीमच आणि गाझीपूर इथं त्याचे सरकारी कारखाने. औषधासाठी असा चीक कायदेशीरपणे काढून जगाला विकणारा मुख्य देश भारतच. याच माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातून मुंबई बंदरात यायची आणि चीनला जायची. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय गबर झाले आणि त्यांच्या देणगीतून 1845 मध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनमध्ये घरं बुडत होती आणि भायखळ्यात खाटा लागत होत्या. गिरण्यांच्या काळात त्याच मुंबईत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जायच्या. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

या सगळ्या इतिहासाची भीती 1985 च्या एनडीपीएस कायद्यात उतरली. गुंगीचा व्यापार रोखायचा म्हणून आलेला कायदा, पण शिक्षेची दहशत अशी, की दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. एका गोळीसाठी वेगवेगळे परवाने, तेही निरनिराळ्या खात्यांचे. पुढं डॉक्टरांची अख्खी पिढी मॉर्फीन न हाताळता पदवी घेऊन बाहेर पडली. वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. लुइस डिसोझांनी शांती आवेदना ही देशातली पहिली हॉस्पिस सुरू केली, केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची पॅलियम इंडिया ही संस्था वर्षानुवर्षं कायद्याच्या मागं लागली. शेवटी 2014 मध्ये संसदेनं दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही अत्यावश्यक अमली औषधं ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकच परवाना पुरेसा झाला. कायदा बदलला; दुकानदाराची दोन बोटं अजून कागद परतच सरकवतात. उलट बाजूचा दाखला अमेरिकेचा. तिथं 1996 पासून एका कंपनीनं ऑक्सिकोडोनची गोळी सवयीचा धोका कमी असल्याचं सांगत खपवली, 2007 मध्ये ती खोटी माहिती होती असं न्यायालयात कबूल केलं, आणि तोवर गावंच्या गावं नशेत गेली होती. त्या बातम्या वाचून आपल्याकडं कुणी 'बघा, आम्ही म्हणतच होतो' असं म्हणतं, तेव्हा मला राग येतो. त्यांच्याकडं पूर आला म्हणून आम्ही तहानलेलंच राहायचं की काय?

धोका आहे, आणि तो श्वासाचा आहे. मेंदूच्या देठात श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशींवरही म्यू ग्राही आहेत. डोस एकदम फार झाला की श्वास मंदावतो. कंधार तेव्हा ज्या राज्यात होतं, त्या निजामाच्या हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले होते, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. निष्कर्ष असा, की क्लोरोफॉर्म देताना नाडी धरून बसू नका, श्वासाकडं बघा; हृदय आधी थांबत नाही. पुढं 1911 मध्ये लेव्ही यांनी दाखवलं, की क्लोरोफॉर्मनं हृदय एकाएकी थांबू शकतं. हैदराबादचा सल्ला क्लोरोफॉर्मपुरता चुकला, पण मॉर्फीन देणाऱ्यांना आज हेच शिकवतात: श्वास मोजा. आमच्या काकू नानांच्या छातीवरच्या गोधडीकडं बघत बसायच्या आणि मनातल्या मनात आकडे म्हणायच्या. ठरवून दिलेल्या डोसानं नानांचा श्वास कधी अडला नाही.

अडलं ते पोट. आतड्याच्या भिंतीतही तेच ग्राही असतात; मॉर्फीननं आतडी सुस्तावतात. जुलाब थांबवायला आपण जी लोपरामाइडची गोळी लग्नसराईत जवळ बाळगतो, ती मुळात याच कुळातली. फक्त मेंदूच्या वेशीवरचा एक पंप तिला बाहेर काढत राहतो, म्हणून ती पोटापुरतीच उरते. नानांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मणक्याचा ठणका सोसून झालेला माणूस मळ खडा झाल्यानं रडला. मॉर्फीनबरोबर पहिल्या दिवसापासून जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करणारं, औषध द्यायचंच असतं. ही साधी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली.

नाना सुगी संपता संपता गेले. उरलेल्या गोळ्या चुलतभावानं नेऊन जमा केल्या आणि पोच घेतली. कुणी विचारलं नव्हतं. पण गोळ्या घरात ठेवायची त्याला भीती वाटत होती.

परवा मागच्या गल्लीतला एक पोरगा आला. वडिलांच्या जबड्यात गाठ, तंबाखूची. रात्र रात्र झोप नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, सरांना ठावं हाय. चहा होईपर्यंत त्याच्या कागदाच्या मागं मी लिहून देत बसलो. बायोप्सीचा रिपोर्ट, वडिलांचं आधार कार्ड, तुझं आधार कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स. कुठल्या वारी जायचं, कुणाला भेटायचं. दुकानात शोधत फिरू नको. गोळी घड्याळ बघून द्यायची.

"सर, लोक म्हणायलेत, अफू हाय म्हणून."

"हाय. कुणी विचारलं तर सांग, डॉक्टरनी दिलीया. आणि हे बघ, पोट साफ व्हायची गोळी मागून घे. ते विसरतात."

त्यानं कागद उलटा करून बघितला, "जुलाबाची?" म्हणाला, आणि माझ्याच पेनानं खाली मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.